मदत थांबली तर मागे काय उरते? रुवांडाच्या कॉफीची गोष्ट



मागे एका महिला मंडळात मी आपल्या पाड्यांवरच्या कामाची माहिती देत होते. सभा संपल्यावर चहा घेताना एका आजींनी विचारले, "ताई, अमेरिकेची ती मोठी मदत बंद झाली म्हणतात. आता गरीब देशांचं कसं व्हायचं? आणि इतकी वर्षं जो पैसा गेला, त्याचं तरी काय झालं?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला विचारात टाकले, कारण तो आपल्यालाही लागू पडतो. आपण महिन्याकाठी देणगी पाठवतो, नाताळात कपड्यांची गाठोडी पाठवतो. उद्या हे थांबले तर पाड्यावर मागे काय राहील?

आजींना मी त्या दिवशी अर्धवटच उत्तर दिले. उरलेले या लेखात देते.

मदत सगळी एकाच जातीची नसते

परदेशी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धान्याची पोती, औषधे, तंबू येतात. दुष्काळात, भूकंपात, युद्धात ही मदत हवीच. भुकेल्याला आधी जेवण द्यायचे असते, हिशेब नंतर.

पण आणखी एक प्रकार आहे, ज्याची चर्चा कमी होते. गरीब देशातल्या शेतकऱ्याला किंवा कारागिराला आपला माल बऱ्या भावाने विकता यावा, म्हणून दिलेली मदत. यात कोणाच्या हातात थेट पैसे पडत नाहीत. रस्ते, बंदरे, सीमेवरचे नाके, मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा, प्रशिक्षण आणि कर्जाची सोय यांवर खर्च होतो. डिसेंबर २००५ मध्ये हाँगकाँगला जागतिक व्यापार संघटनेची मंत्री परिषद झाली, तेव्हा या कामाला 'व्यापारासाठी मदत' या नावाने जगभर जोर मिळाला. त्यामागचा विचार साधा होता. श्रीमंत देशांनी जकात माफ करून दार उघडले, तरी ज्याच्याकडे दारापर्यंत माल नेण्याची सोयच नाही, त्याला त्या उघड्या दाराचा काय उपयोग?

हे काम नीट झाले तर काय होते आणि कुठे फसते, हे दोन्ही एकाच ठिकाणी पाहायचे तर रुवांडाच्या कॉफीकडे पाहावे.

डोंगराळ देश, पडलेला भाव

रुवांडा हा मध्य आफ्रिकेतला चिमुकला देश. आपले नाशिक, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे एकत्र केले, तर त्याहून थोडा लहानच. सगळीकडे डोंगर, आणि डोंगरउतारावर लहान लहान शेते. तिथे कॉफी नेली ती विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जर्मन मिशनऱ्यांनी. पुढे बेल्जियमची सत्ता आली आणि तिने शेतकऱ्यांवर कॉफीची लागवड सक्तीची केली. त्यामुळे लाखो कुटुंबांकडे काही शे झाडे आली, पण पिकाबद्दल आपलेपणा आला नाही. ज्यांनी जन्मभर कॉफी पिकवली, त्यांतल्या बहुतेकांनी ती कधी चाखलीही नव्हती.

१९८९ मध्ये कॉफीचे भाव सांभाळणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि जगभर भाव कोसळले. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, त्या देशावर महाभयंकर संकट आले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली, त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. अनेकजण आश्रयासाठी चर्चमध्ये गेले आणि तिथेच त्यांना मारण्यात आले. न्यामाटा येथील चर्च आज त्यांचे स्मारक आहे. ख्रिस्ती लोक बहुसंख्य असलेल्या देशात हे घडले, हे आपण विसरू नये.

हत्याकांडानंतर गावात उरल्या त्या विधवा, पोरकी मुले आणि तुरुंगात गेलेल्या पुरुषांची कुटुंबे. कॉफीची झाडे होती, पण भाव नव्हता. घरीच फळ फोडायचे, मिळेल त्या पाण्यात बी धुवायचे, अंगणात वाळवायचे आणि येईल त्या व्यापाऱ्याला द्यायचे. सगळ्यांचा माल एकत्र मिसळला जाई आणि जगाच्या बाजारात तो हलक्या प्रतीचा म्हणून जाई.

पैसा नेमका कशावर खर्च झाला

दक्षिणेतल्या बुतारे शहराजवळ माराबा नावाचा भाग आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९९९ मध्ये सहकारी संस्था काढली. तिचे नाव 'अबाहुझामुगांबी', म्हणजे साधारणपणे एका ध्येयासाठी एकत्र आलेली माणसे. त्यानंतर 'पर्ल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पैसा यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेचा होता. काम करणार होती अमेरिकेतली दोन विद्यापीठे आणि रुवांडाचे राष्ट्रीय विद्यापीठ. प्रकल्पाचे प्रमुख होते टिमोथी शिलिंग.

या कामातली मुख्य गोष्ट होती कॉफी धुण्याचे केंद्र. ते काय करते हे समजले, की सारी गोष्ट उलगडते.

कॉफीचे फळ पिकले की लाल होते. ते झाडावरून उतरवल्यावर त्याच दिवशी केंद्रावर पोहोचावे लागते, नाहीतर आंबून चव बिघडते. केंद्रावर फळे आधी पाण्यात टाकतात. चांगली तळाशी जातात, पोकळ आणि किडकी वर तरंगतात. मग यंत्राने साल काढतात, बी ठरावीक वेळ मुरवतात, स्वच्छ पाण्याने धुतात आणि जाळीच्या उंच मंचांवर साधारण दोन आठवडे वाळवतात. या काळात बाया मंचाभोवती उभ्या राहून खराब बी हाताने निवडत असतात. सहा-सात किलो फळांतून जेमतेम एक किलो विक्रीयोग्य कॉफी निघते.

झाडे तीच, माती तीच, माणसे तीच. पण केंद्र आले आणि मालाची प्रत बदलली. माराबाचे पहिले केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एका कंपनीने त्यांची कॉफी थेट विकत घेतली. २००३ मध्ये ती ब्रिटनच्या दुकानांत पोहोचली. संपूर्ण देशात आधी अशी केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दहा वर्षांत ती शंभरावर गेली. २००८ मध्ये उत्तम कॉफी निवडणारी 'कप ऑफ एक्सलन्स' ही स्पर्धा आफ्रिकेत प्रथम भरली, ती रुवांडातच.

नुसते यंत्र दिले असते तर ते गंजून पडले असते. तीन गोष्टी जोडीने झाल्या, आणि मला त्या अधिक महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, चव घेण्याचे शिक्षण. स्थानिक तरुण-तरुणींना कॉफी चाखून तिची प्रत ठरवायला शिकवले. आपला माल कसा आहे हे आपल्यालाच कळले, की 'तुमचा माल हलका आहे' असे म्हणून कोणी फसवू शकत नाही.

दुसरी, वाहतूक. फळे वेळेत पोहोचावीत म्हणून मागे लांब कॅरिअर असलेल्या खास सायकली शेतकऱ्यांना मिळाल्या, त्याही फुकट नव्हे तर हप्त्यांवर.

तिसरी, हिशेब. फळे घालताना शेतकऱ्याला रोख पैसे, आणि माल विकला गेल्यावर नफ्यातला वाटा. यासाठी वजनाचा काटा खरा असावा लागतो आणि वही सर्वांना उघडी असावी लागते.

या मंचांभोवती हत्याकांडात नवरा गमावलेली बाई आणि जिचा नवरा त्या गुन्ह्यासाठी तुरुंगात आहे ती बाई, दोघी शेजारी उभ्या राहून बी निवडत. कॉफीने समेट घडवला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण जिथे बोलणेच बंद झाले होते तिथे रोज एकत्र उभे राहण्याचे कारण मिळाले, हेही कमी नाही.

जे फसले तेही सांगायला हवे

ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखी होईल. केंद्रे भराभर उभी राहिली, पण पुष्कळ केंद्रांना पुरेशी फळे मिळाली नाहीत. काही सहकारी संस्थांचा कारभार ढिला होता, त्या कर्जात बुडाल्या. कॉफीचा जागतिक भाव आजही दूरच्या शहरांत ठरतो आणि पडला की छोट्या शेतकऱ्याला आधी लागतो. शिवाय रुवांडाला समुद्र नाही. माल मोंबासा किंवा दार-एस-सलाम बंदराला न्यायचा, तर दीड हजार किलोमीटरच्या आसपास ट्रकने जावे लागते आणि वाटेत दुसऱ्या देशांच्या सीमा लागतात. एकेका नाक्यावर ट्रक अडकून पडे. यासाठी ब्रिटनसारख्या देशांच्या मदतीने २०१० मध्ये 'ट्रेडमार्क ईस्ट आफ्रिका' ही संस्था निघाली. तिने बंदरे आणि सीमानाके सुधारण्याचे काम हाती घेतले, म्हणजे दोन देशांची तपासणी एकाच ठिकाणी व्हावी. असा नाका उभारल्याची बातमी कोणी छापत नाही, पण ट्रकचा वाचलेला एकेक दिवस म्हणजे वाचलेले पैसे.

आणखी एक गोष्ट आपल्याला अधिक बोचणारी आहे. ती आहे जुन्या कपड्यांची.

युरोप-अमेरिकेत लोक धर्मादाय संस्थांना जुने कपडे देतात. त्यांतला मोठा भाग गरिबाला फुकट मिळत नाही. तो गाठी बांधून वजनावर व्यापाऱ्यांना विकला जातो आणि आफ्रिकेच्या बाजारात उतरतो. इतक्या स्वस्त कपड्यांपुढे तिथल्या शिंप्याचा आणि कापड गिरणीचा निभाव लागणे कठीण. म्हणून रुवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरची जकात किलोमागे वीस सेंटवरून अडीच डॉलरवर नेली. यावर अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रुवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी जकातमाफी थांबवली. ही माफी आफ्रिकी देशांच्या व्यापारवाढीसाठी २००० साली केलेल्या कायद्याखाली मिळत होती. म्हणजे एका हाताने कॉफीच्या केंद्राला पैसा दिला आणि दुसऱ्या हाताने कपड्यांचे दार लावून घेतले.

रुवांडाचा निर्णय सर्वांनाच सुखाचा झाला असेही नाही. जुने कपडे विकून पोट भरणाऱ्या कितीतरी बायांचा धंदा बसला. व्यापाराच्या प्रश्नात सगळ्यांचे भले करणारे उत्तर क्वचितच सापडते.

आता आजींच्या प्रश्नाकडे

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखून धरली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएडचे काम थांबले. १९६१ पासून चालत आलेली ही संस्था. उरलेले थोडे कार्यक्रम तिथल्या परराष्ट्र खात्याकडे गेले. जगभर दवाखाने, पोषण, औषधे यांच्या योजना अचानक अडचणीत आल्या. ज्या रुग्णाची गोळी बंद झाली, त्याला 'स्वावलंबी व्हा' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. म्हणून मदत वाईट आणि व्यापार चांगला, असा धडा कृपया काढू नका.

पण माराबाचा 'पर्ल' प्रकल्प २००६ च्या सुमारासच संपला होता. त्यानंतर आलेला पुढचा प्रकल्पही संपला. तरी कॉफी धुतली जाते, चाखली जाते, विकली जाते. कारण मागे उरले ते कौशल्य, काटा, वही आणि गिऱ्हाईक. आजी, पैशाचे काय झाले याचे निदान या एका ठिकाणचे उत्तर हे आहे.

आपल्या पाड्यांसाठी

आपल्या भागातली मोहफुलांची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात पहाटे उठून बाया फुले वेचतात, हातात पैसा नसतो म्हणून लगेच व्यापाऱ्याला देतात, काट्यात मार खातात, आणि पावसाळ्यात तीच फुले चढ्या भावाने परत घेणारीही घरे मी पाहिली आहेत. तिथे कमी काय आहे? मोहाची झाडे आहेत, मेहनत आहे. कोरडी कोठी नाही, खरा काटा नाही, आणि दोन महिने थांबण्याइतका पैसा नाही.

आंध्रच्या अराकू खोऱ्यातले आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. त्यांच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती आज पॅरिसपर्यंत विकली जाते. म्हणजे हे फक्त परक्या देशातच घडते असे नाही.

रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, तेव्हा तिला तिथे वेचू देणारा नियम होता आणि वेचण्यासाठी धान्य मागे ठेवणारा मालकही होता. कष्ट तिचेच होते, पण बवाजाने वाट मोकळी ठेवली होती.

तेव्हा पुढच्या वेळी मंडळीत पाड्यांसाठी काही द्यायचे ठरेल, तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा. ही मदत संपल्यावर तिथे काय उरेल? हिशेबाची वही पाड्यातल्या माणसाला वाचता येईल का? आणि आपण देत असलेल्या वस्तूमुळे तिथल्याच एखाद्या शिंप्याचे, कुंभाराचे, दुकानदाराचे काम तर जात नाही ना?

नाताळची गाठोडी बंद करा असे मी म्हणत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या लेकराला स्वेटर हवाच. पण दहा गाठोड्यांपैकी दोन गाठोड्यांच्या खर्चात एक खरा वजनकाटा आणि चार ताडपत्र्या येतात. मोहफुलांच्या हंगामाआधी त्या पाड्यावर पोहोचल्या, तर पुढच्या पावसाळ्यात काय फरक पडला ते याच पत्रिकेतून तुम्हाला कळवीन. फरक पडला नाही, तर तेही कळवीन.