होळीची वाट आणि अवकाळी पाऊस

फाल्गुन लागला म्हणजे सातपुड्याच्या पाड्यापाड्यांत होळीचे वेध लागतात. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी पाहण्यास दूरदूरच्या गावांतून लोक निघतात. शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरहून जाणाऱ्यांची वाट पश्चिमेची आहे : शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि तेथून देवगोईचा घाट चढून मोलगीमार्गे काठी. सपाटीवरचा प्रवास सोपा. कसोटी लागते ती घाटात.

याच दिवसांत हवामानाचा भरवसा नसतो. भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणारे वाऱ्याचे झोत उत्तर भारतावरून जाताना वरच्या थरात थंड हवा आणतात. त्याच वेळी समुद्रावरील बाष्प येऊन मिळाले आणि खाली जमीन तापलेली असली, तर उंच ढग बनतात व विजा, वादळ, गारपीट होते. मार्च २०२३ च्या पहिल्या आठवड्यात, ऐन होळीच्या दिवसांत, धुळे-नंदुरबार भागात अवकाळी पावसाने पिकांचे नुकसान केले, हे अनेकांना स्मरत असेल.

असे ढग बहुधा दुपारनंतर बरसतात. काठीची होळी पेटते पहाटे. त्यामुळे पुष्कळ लोक दुपारी निघून सायंकाळी घाट चढतात. म्हणजे धोक्याची वेळ आणि घाटाची वेळ एकच येते. सकाळीच निघून दुपारपूर्वी मोलगी गाठणे, हा यावरील साधा उपाय होय. ऊसवाहतुकीच्या हंगामात रात्री रस्त्यावर दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या असतात, हेही सकाळी निघण्याचे आणखी एक कारण आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे रंगांनी देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. पुढील तीन तासांचा अंदाजही मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप जवळपासच्या विजांची सूचना देते. घाटात मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून अंदाज अक्कलकुवा येथेच पाहावा आणि इशारा नारिंगी वा लाल असल्यास तेथेच थांबावे.

संपर्क नसला तरी कान व डोळे सोबत असतातच. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी पक्क्या घरात किंवा धातूचे छप्पर असलेल्या बंद वाहनात बसावे. झाडाखाली उभे राहू नये. मोटारसायकल व उघडी ट्रॉली यांत संरक्षण मिळत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबूनच पुढे निघावे. पहिल्या सरीने रस्त्यावरील धूळ व तेल एक होऊन चाके घसरतात. फरशीपुलावरून पाणी वाहत असल्यास ते ओसरेपर्यंत वाहन पाण्यात घालू नये.

शाळांनी सहल ठरविताना परतीचा एक दिवस राखून ठेवावा. वाटेवरील ग्रामपंचायतींनी शाळा वा समाजमंदिर अडकलेल्या प्रवाशांसाठी त्या रात्री उघडे ठेवल्यास मोठीच सोय होईल. थांबावयास जागा आहे हे ठाऊक असले, म्हणजे वादळात घाट चढण्याचे धाडस कोणी करणार नाही.