सहा तासांतली घारापुरी

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की घारापुरीचे दोन डोंगर समोर दिसतात. पनवेलकराला हे बेट इतकं जवळचं. तरी क्रूझच्या प्रवाशांना तिथे नेणाऱ्या पनवेलच्या गाइडला आधी मुंबई गाठावी लागते. पहाटेची हार्बर लोकल, सव्वा-दीड तासाचा प्रवास, सीएसएमटीला उतरून चालत बॅलार्ड इस्टेट, मग बंदराचं ग्रीन गेट. जहाज बॅलार्ड पिअरला लागतं आणि सहलही तिथूनच सुरू होते.

क्रूझवाल्यांच्या भाषेत याला शोअर एक्सकर्शन म्हणतात. जहाज सकाळी बंदरात यायचं, प्रवाशांनी दिवसभरात शहर किंवा एखादं ठिकाण पाहून यायचं आणि संध्याकाळी जहाजाने पुढच्या बंदराकडे निघायचं. भूमध्य समुद्रात हे वर्षानुवर्षं रुळलेलं काम आहे. चिवितावेक्कियाला उतरून रोम, नेपल्सला उतरून पॉम्पेई, लिव्होर्नोहून पिसा किंवा फ्लॉरेन्स. चिवितावेक्किया ते रोम हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पण ते सगळं बसने किंवा रेल्वेने कापायचं. मुंबईत मात्र रात्रभर समुद्रातून आलेल्या कुटुंबाला गेटवेवर नेऊन पुन्हा लाँचमध्ये बसवायचं असतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी इमिग्रेशनची रांग आटोपून प्रवासी टर्मिनलबाहेर येऊ लागले. प्रत्येकाच्या शर्टावर गटाच्या क्रमांकाचं स्टिकर होतं. गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र घातलेले पनवेलचे गाइड त्याच क्रमांकाची पाटी उंच धरून उभे होते. बसमध्ये चढताना त्यांनी माणसं मोजली, गेटवेला उतरल्यावर मोजली आणि लाँचमध्ये बसल्यावर पुन्हा मोजली. लहान मुलं ते वेगळी मोजतात, कारण हात सोडून पळतात ती तीच.

वेळेचा हिशेब त्यांच्या डोक्यात उलटा चालतो. जहाज पाचला सुटणार, म्हणजे प्रवासी चारला जहाजावर हवेत. म्हणजे तीनच्या आत गेटवे, दोनच्या आत बेटाचा धक्का आणि एकला लेण्याबाहेर. जाताना बंदरात गेलेलं प्रत्येक मिनिट लेण्यातून वजा होतं. हातात उरतो जेमतेम सव्वा तास, आणि त्या सव्वा तासात काय दाखवायचं नाही हे ठरवण्यात गाइडचं खरं कसब दिसतं.

म्हणून ते गोष्टी लाँचमध्येच सांगून घेतात. गेटवे ते घारापुरी साधारण तासाभराचं अंतर. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर ‘नीलकमल’ बोटीला झालेल्या भीषण अपघातानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. आधी सगळ्यांचे पट्टे नीट बसलेत का ते बघून घेतलं जातं. मग गाइड वरच्या डेकवर, इंजिनच्या आवाजापासून जरा लांब उभे राहतात. गंगा पृथ्वीवर कशी आली, रावणाने कैलास का हलवला, अंधकासुराच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडू न देण्यासाठी शिवाने काय केलं, हे सगळं बुचर बेट मागे पडेपर्यंत सांगून होतं. जेएनपीए बंदराच्या क्रेन दिसू लागल्या की ते थांबतात. मुलं तोवर बोटीमागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांत रमलेली असतात, आणि गाइड त्यांना मुद्दाम रमू देतात.

बेटाचा किनारा उथळ आणि चिखलाचा आहे, त्यामुळे धक्का लांबवर समुद्रात आलेला. त्याच्या टोकापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी जाते. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि लाकडी खुर्चीला दांडे लावून केलेल्या डोल्या. गटात इंग्लंडमध्ये स्थायिक झालेलं एक मराठी कुटुंब होतं. त्यातल्या आजींनी आधी मानेनेच नकार दिला. डोलीवाला म्हणाला, “आजी, बसा. माझी आजी असती तर तिलाही असंच नेलं असतं.” त्या बसल्या.

तिकीटघरात भारतीयांना ४० रुपये, परदेशी प्रवाशाला ६०० आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही.

मुख्य लेण्यात उत्तरेकडून शिरलं की समोर, दक्षिणेच्या भिंतीत, साधारण साडेपाच-सहा मीटर उंचीची महेशमूर्ती दिसते. बहुतेक गट सरळ तिच्याकडे धावतात, फोटो काढतात आणि मग बाकीचं लेणं घाईत उरकतात. हे गाइड तसं करू देत नाहीत. ते गटाला आधी पूर्वेच्या बाजूला नेतात आणि पश्चिमेकडे तोंड करून उभं करतात. समोर चार दारांचा गाभारा, प्रत्येक दाराशी उंच द्वारपाल, आत शिवलिंग. या लेण्याला दोन अक्ष आहेत, एक लिंगाकडे जाणारा आणि दुसरा महेशमूर्तीकडे, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक अभ्यासक हे काम सहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळातलं मानतात. कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी बेटावर सापडली आहेत. खात्रीने सांगू शकला असता तो शिलालेख, पण तो पोर्तुगीजांनी इथून हलवला आणि पुढे हरवला.

महेशमूर्तीपुढे ते फार बोलत नाहीत. हे ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच आहेत, एवढं सांगतात. डावीकडचं मिशीवालं उग्र मुख आणि उजवीकडचं हाती कमळ धरलेलं सौम्य मुख दाखवतात, आणि गप्प बसतात.

पश्चिमेच्या दाराजवळच्या कल्याणसुंदर शिल्पाशी मात्र ते मुलांना पुढे बोलावतात. शिव-पार्वतीचं लग्न. पार्वती किंचित मान खाली घालून उभी, मागून बाप हिमवान तिला पुढे करतोय, ब्रह्मदेव भटजी होऊन होमाशी बसलेला.

“नवरी कुठल्या बाजूला आहे?” गाइडनी विचारलं.

नातवाने बोट दाखवलं, “तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताला.”

“बरोबर आहे,” आजी लगेच म्हणाल्या. “सप्तपदी व्हायची आहे अजून. लग्न लागल्यावर डावीकडे येईल.”

गाइडनी मग ते सगळ्या गटाला इंग्रजीत सांगितलं आणि पूर्वेच्या दाराकडे बोट केलं. तिथल्या कैलासावरच्या शिल्पात पार्वती शिवाच्या डाव्या बाजूला बसली आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने पाळलेली रीत पनवेलच्या आणि पुण्याच्या मंगल कार्यालयांत आजही पाळली जाते. गटातले बरेच जण ते पाहायला पुन्हा पूर्वेकडे गेले. घड्याळात आठ मिनिटं जास्त गेली, पण गाइडनी ती जाऊ दिली.

वेळेअभावी सुटलं ते बरंच. बाकीची लेणी, तोफांची टेकडी, स्तूपाची टेकडी. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो तर बेटावर नाहीच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायच्या प्रयत्नात फुटला, आणि आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो गावांवर. १९८७ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांत कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागायचं. पायरीवर काकडी आणि तिखटमीठ लावलेली कैरी विकणाऱ्या बायका त्याच वस्त्यांतल्या. प्रवासी त्यांचा फोटो काढतात आणि पुढे जातात. क्रूझच्या कार्यक्रमात गावासाठी अर्धा तास राखून ठेवायलाच हवा. तेवढा वेळ मिळाला तर पैसे थेट गावात जातील आणि बेटावर माणसं राहतात हेही पाहुण्यांना कळेल.

परतीच्या लाँचमध्ये मुलं झोपली. ग्रीन गेटला गाइडनी शेवटची मोजणी केली, तक्त्यावर सही घेतली आणि हेडसेट परत केले. पुढच्या जहाजाचं वेळापत्रक त्यांना तिथेच मिळालं. ते सोमवारी येणार होतं. सोमवारी घारापुरी बंद असते. म्हणजे मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट आणि सीएसएमटीची इमारत, असा दुसरा दिवस आखावा लागणार. पनवेलच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली आणि मशीद बंदर यायच्या आधीच त्यांनी वहीत सुटायची वेळ लिहून तास उलटे मोजायला घेतले.