कुंडीतलं नांदरुक

कासूला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या एका रोपवाटिकेतून त्यांनी हौसेनं बोन्साय आणलं, टीव्हीशेजारी ठेवलं आणि चौथ्या दिवसापासून पानगळ सुरू झाली. रोज सकाळी फरशीवर सात-आठ पानं, त्यातली काही चांगली हिरवीगार. पाणी कमी पडत असेल म्हणून दोन्ही वेळा पाणी घालायला लागले, तर उरलेली पानं पिवळी पडली.

मी एक पान खुडलं. जाड, गुळगुळीत, देठातून पांढरा चीक. दुकानात ‘जिनसेंग फायकस’ म्हणून मिळणारं हे झाड चीन-तैवानात वाढवून जगभर विकलं जातं, पण मुळात ते आपलं नांदरुकच! वड, पिंपळ, उंबराच्या गोतातलं. पक्ष्यांनी टाकलेलं बी भिंतीच्या फटीत रुजावं आणि मूठभर मातीवर वर्षानुवर्षं खुरटं का होईना पण जगावं, ही या गोताची जुनी सवय. बोन्सायवाले तीच कुंडीत वापरतात.

मग असलं चिवट झाड चार दिवसांत का हरावं? तर ते हरलेलं नसतं. पान एकदा पुरतं वाढलं की त्याची घडण बदलता येत नाही. उन्हातलं पान जाड, सावलीतलं पातळ आणि पसरट. दुपारच्या उन्हात उजेड असतो लाखभर लक्स, आपल्या बैठकीच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. उन्हासाठी घडलेलं पान मात्र खोलीत कमावतं कमी आणि खातं जास्त. अशा पानातून देठाकडे येणारं ऑक्झिन हे संप्रेरक आटतं, इथिलीन वायूचा जोर वाढतो आणि देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा पातळ थर सुटा होतो. मागची जखमही झाड स्वतःच बुजवतं. थोडक्यात, पान गळत नाही, झाड ते सोडून देतं आणि जमलं तर नव्या उजेडाच्या मापाचं दुसरं घडवतं. कसलेले बोन्सायकार तर निरोगी नांदरुकाची सगळी पानं मुद्दाम कापतात, नवी लहान यावीत म्हणून.

खरा घात पाण्यानं होतो. मुळांतून पाणी वर खेचतात ती पानंच. ती गेली की माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. त्यात बाजारातल्या कुंड्यांवर शोभेचे खडे चिकटवलेले असतात, खाली काय चाललंय ते दिसतच नाही. खडे काढा, कुंडीच्या बुडाचं भोक उघडं आहे ना ते बघा, बोटाचं पेर मातीत खुपसा आणि वरचा थर सुकल्यावरच पाणी द्या.

पानांची टोकं तपकिरी होऊन करपत असतील तर पाणी चाखून बघा. खारेपाटाच्या बाजूला बोअरचं पाणी मचूळ निघालं तर नवल नाही. कुंडीत साचलेलं मीठ मुळांना पाणी घेऊ देत नाही. कुंडी भिजलेली आणि झाड तहानलेलं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवावं, याच्याइतकं औषध नाही.

आणि पान पुस्तकासारखं मिटून त्यावर जांभळट ठिपके आले असतील, तर उलगडून पाहा. आत काळे बारीक फुलकिडे बिऱ्हाड करून बसलेले सापडतील. ती पानं तोडून लांब टाका, कुंडीतच टाकू नका.

खत मात्र आत्ता नको. आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढत नाही.

आम्ही ते झाड पूर्वेच्या पडवीत हलवलं. तुमचं बोन्साय असंच उघडंबोडकं झालं असेल तर फेकण्याआधी खोडाची साल नखानं जराशी खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर दीड-दोन महिने वाट पाहा.