तांब्याचा बंद कारखाना आणि आपला धंदा

बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी या गावांत मोटार रिवाइंडिंगची दुकाने, भंगारची गोदामे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यापार यांवर आपल्या अनेक बांधवांचे घर चालते. त्या सर्वांचा जीव तांब्याच्या भावात अडकलेला असतो. म्हणून देशातील एका मोठ्या तांबे कारखान्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

हा कारखाना तामिळनाडूतील तुतिकोरिन येथील स्टरलाइट कंपनीचा. त्याचा पहिला पत्ता मात्र आपल्या रत्नागिरीचा होता. 1992 साली रत्नागिरीच्या औद्योगिक क्षेत्रात त्यासाठी जागा मिळाली व बांधकामही सुरू झाले. पण धुराने हापूसच्या बागा आणि मासेमारी बुडेल या भीतीने लोक रस्त्यावर उतरले आणि 1993 साली काम थांबले. पुढे 1994 साली तुतिकोरिनला पायाभरणी होऊन 1996-97 च्या सुमारास उत्पादन सुरू झाले.

दोन्ही ठिकाणे समुद्रकाठचीच का? कारण कच्चा माल परदेशातून जहाजाने येतो. खनिजाच्या या भुकटीत तांबे शंभरात पंचवीस ते तीस भाग असते; बाकी मुख्यतः लोखंड आणि गंधक. भट्टीत लोखंड मळीच्या रूपाने वेगळे होते व गंधकाचा वायू बनतो. हा वायू पकडून त्याचे गंधकाम्ल करतात व ते खत कारखान्यांना विकतात. वायू सुटला तर आसपासच्या लोकांच्या डोळ्यांना व श्वासाला त्रास होतो. सारा झगडा येथेच आहे. शेवटी विजेच्या साह्याने तांबे 99.99 टक्के शुद्ध करतात. त्याची सळी, सळीची तार आणि इनॅमल चढवलेली तीच तार आपल्या मिस्त्रीच्या हाती येते.

तुतिकोरिनची क्षमता वर्षाला 4 लाख टन होती. 2010 साली मद्रास उच्च न्यायालयाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, परंतु प्रदूषणापोटी 100 कोटी रुपये भरपाई भरायला लावली. 22 मे 2018 रोजी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि 13 जणांचा बळी गेला. 28 मे रोजी राज्य सरकारने कारखान्याला कायमचे टाळे लावले. पुन्हा सुरू करण्याची कंपनीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने 29 फेब्रुवारी 2024 रोजी फेटाळली.

याचा परिणाम असा झाला की, शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश 2018-19 पासून ते आयात करू लागला. तथापि कारखाना बंद झाला म्हणूनच तांबे महागले, हे पूर्ण खरे नाही. मूळ भाव लंडनच्या धातू बाजारावर आणि डॉलरच्या दरावर ठरतो. दहेजचा हिंदाल्कोचा कारखाना चालू आहे आणि 2024 साली मुंद्रा येथे अदानी समूहाचा 5 लाख टनांचा नवा कारखाना सुरू झाला. तरी भावाची दोरी आपल्या हातात येणार नाही.

म्हणून रिवाइंडिंगवाल्यांनी मोठ्या कामाचा अंदाज देताना तारेचा त्या दिवसाचा भाव आणि तो किती दिवस धरला जाईल, हे कागदावर लिहून द्यावे. भंगारवाल्यांनी स्वच्छ तार, जळकी तार व पितळ वेगवेगळे ठेवावे. मिसळलेल्या मालाला हलकाच भाव मिळतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतल्यास 10 ऑक्टोबर 2024 पासून जीएसटी भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. याबाबत आपल्या हिशेबनीसाला जरूर विचारावे.

शेवटी एक गोष्ट. तार जाळून तांबे काढण्याची पद्धत आपल्या मोहल्ल्यांतही आहे. त्या प्लास्टिकचा विषारी धूर प्रथम आपल्याच मुलांच्या छातीत जातो, शिवाय जळके तांबे कमी भावाने विकले जाते. त्याऐवजी तार सोलण्याचे साधे यंत्र घ्यावे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने मोठा मानला आहे. तो न सांभाळणाऱ्या हजारो कोटींच्या कारखान्यालाही टाळे लागते, मग आपल्या गोदामाची काय कथा!