डोंगर न पाहता काढलेला देखावा

संपादकांना शहररचनेच्या जुन्या आराखड्यांवर लेख हवा होता. चाळता चाळता मॅरियन महोनी ग्रिफिनची कॅनबेराची चित्रं समोर आली आणि बाकीचे आराखडे बाजूलाच राहिले.

ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीसाठी १९११ मध्ये जागतिक स्पर्धा जाहीर झाली. १३७ प्रवेशिकांतून शिकागोचा वॉल्टर बर्ली ग्रिफिन जिंकला. रचना त्याची, ती कापडावर रंगांत उतरवली मॅरियनने, त्याच्या बायकोने. एमआयटीतून १८९४ मध्ये वास्तुकलेची पदवी घेतलेल्या या बाईंनी वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या कचेरीत अनेक वर्षं काम केलं होतं. राइटच्या १९१० च्या गाजलेल्या जर्मन चित्रसंचातली बरीच चित्रं त्यांच्याच हातची.

तोवर दोघांपैकी कुणीही ती जागा पाहिली नव्हती. हाताशी होते आयोजकांनी पाठवलेले उंचसखलपणाचे नकाशे आणि परिसराची काही रंगीत दृश्यं. तेवढ्यावर मॅरियनबाईंनी एन्स्ली डोंगराच्या माथ्यावरून दिसणारं शहर रंगवलं, शेजारीशेजारी तीन पट्ट्यांत. नकाशात आपण शहर आभाळातून पाहतो. इथे त्या आपल्याला डोंगरावर उभं करतात. नजर सरळ खाली उतरते, तळं ओलांडते, समोरच्या टेकडीवर चढते आणि पलीकडच्या पर्वतरांगेत विरते. शहराचा मुख्य अक्षच हा! त्यांची छेदचित्रंही, म्हणजे जमीन उभी कापून दाखवणारी चित्रं, अशीच. एरवी असलं रुक्ष तांत्रिक काम कोण निरखून बघतं? पण त्या लांबलचक पट्ट्यांवर इमारतींमागे डोंगर उभे आहेत, आणि इमारती त्यांच्यापुढे नम्र राहतात.

मला धास्ती वाटते ती चित्राच्या मोहिनीची. त्यातलं तळं तिथे नव्हतंच. होती मोलोंग्लो ही लहानशी नदी. सरकारी मंडळाने तर निवडलेला आराखडा बाजूला सारून स्वतःचाच जुळवला. १९१३ मध्ये वॉल्टरची नेमणूक झाली खरी, पण अधिकाऱ्यांशी खटके, युद्ध, पैशांची चणचण यांत वर्षं गेली आणि १९२० अखेर तो कामातून बाहेर पडला. चित्रात टेकडीवर दिसणारा पायऱ्यापायऱ्यांचा भव्य मनोरा कधीच उभा राहिला नाही. वॉल्टर १९३७ मध्ये आपल्या लखनौला वारला, मॅरियन १९६१ मध्ये शिकागोत. तळं भरलं १९६४ मध्ये. त्याला नाव वॉल्टरचं. बाईंचं नाव एन्स्लीच्या माथ्यावरच्या देखाव्याला लागायला २०१३ उजाडलं.

मूळ चित्रं कॅनबेराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शहररचना शिकणाऱ्यांनी त्यांच्या प्रतिमा जरूर पाहाव्यात, आणि चित्रात दिसणारं पाणी येणार कुठून, हेही विचारावं.