लोटे रायनिगर : कात्री, काळा पुठ्ठा आणि ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शन

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांतून पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाचा आरंभ बहुधा वॉल्ट डिस्ने यांच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ (१९३७) या चित्रपटापासून सांगितला जातो. वस्तुतः त्यापूर्वी अकरा वर्षे, २ मे १९२६ रोजी, बर्लिनच्या फोल्क्सब्यूने या नाट्यगृहात सुमारे पासष्ट मिनिटांचा एक ॲनिमेशनपट वाद्यवृंदाच्या साथीने दाखविला गेला होता. ‘राजपुत्र अहमदची साहसे’ असे त्याच्या जर्मन नावाचे मराठी रूपांतर करता येईल. दिग्दर्शिका होत्या लोटे रायनिगर. वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यास त्यांना अद्याप एक महिना अवकाश होता. अर्जेंटिनामध्ये किरीनो क्रिस्तियानी यांनी १९१७ साली ‘एल अपोस्तोल’ हा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट केला होता; परंतु त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट हा मान रायनिगर यांच्या कृतीकडे जातो.

असे असूनही त्यांचा उल्लेख दीर्घकाळ ‘कागद कापण्यात निपुण असलेली कलावती’ एवढ्यापुरताच होत राहिला. त्यांची साधने म्हणजे कात्री, काळा पुठ्ठा, एक टेबल आणि दिवा. ही साधने घरगुती वाटतात. म्हणून त्यांतून उभे राहिलेले काम हस्तकलेच्या कप्प्यात टाकणे समीक्षकांना सोपे गेले. मात्र याच अल्प साधनांमुळे राजकीय उलथापालथ, स्थलांतर आणि युद्ध यांतूनही त्यांची सहा दशकांची कारकीर्द तगून राहिली, ही या प्रकरणाची दुसरी बाजू होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

जडणघडण

लोटे रायनिगर यांचा जन्म २ जून १८९९ रोजी बर्लिननजीकच्या शार्लोटेनबुर्ग येथे झाला. कागद कापून छायाकृती करण्याचा छंद त्यांना बालपणापासूनच होता. तो काळ मुलींना असे कौशल्य शिकविण्याचाच होता, त्यामुळे त्यात कोणाला काही विशेष वाटले नसावे. चित्रपटाकडे त्यांचे लक्ष वेधले ते फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांच्या चमत्कृतिपूर्ण पटांनी आणि त्यानंतर १९१५ साली ऐकलेल्या पॉल वेगेनर या नट-दिग्दर्शकाच्या व्याख्यानाने. कॅमेऱ्याच्या युक्त्यांतून अद्भुताची निर्मिती कशी करता येते, हा त्या व्याख्यानाचा विषय होता. वेगेनर यांच्या जवळ पोहोचण्यासाठी रायनिगर यांनी माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यशाळेत प्रवेश घेतला. रंगमंचाच्या पार्श्वभागी उभे राहून त्या नटांच्या छायाकृती कापीत. नटमंडळींना स्वतःची प्रतिमा आवडतेच. वेगेनर यांचे लक्षही त्या कृतींकडे गेले.

‘हामेलिनचा पुंगीवाला’ (१९१८) या वेगेनर यांच्या चित्रपटासाठी रायनिगर यांनी उपशीर्षकांच्या छायाकृती केल्या. याच चित्रपटात उंदरांचा प्रसंग उभा राहीना. जिवंत प्राणी सांगितल्याप्रमाणे चालेनात, तेव्हा लाकडी उंदीर करून ते एकेका चौकटीला थोडे थोडे पुढे सरकविण्यात आले. या कामात रायनिगर यांचा सहभाग होता. पुढे वेगेनर यांच्याच ओळखीने त्या बर्लिनच्या संस्कृतिसंशोधन संस्थेत दाखल झाल्या आणि १९१९ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा पहिला स्वतंत्र छायापट, ‘प्रेमी हृदयाचा अलंकार’, पूर्ण झाला. या संस्थेतच त्यांना कार्ल कोख भेटले. १९२१ मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतर कोख बहुतेक छायापटांसाठी कॅमेरा सांभाळीत, तर दिग्दर्शन रायनिगर यांचे असे. कामाची ही वाटणी त्या काळच्या प्रघाताच्या नेमकी उलट होती.

छायापटाचे तंत्र

रायनिगर यांचे तंत्र छायानाट्यातून आलेले आहे, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. छायानाट्यात बाहुली आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पडदा असतो आणि प्रेक्षकाला दिसते ती बाहुलीची सावली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सहज ध्यानात येईल; तेथे अर्धपारदर्शक रंगीत चामड्यातून दिव्याचा उजेड झिरपतो आणि पडद्यावर रंगही उमटतात. रायनिगर यांच्या पटात मात्र सावली नसतेच. आडव्या काचेवर अपारदर्शक आकृती ठेवलेली असते, काचेखालून प्रकाश येतो आणि वर टांगलेला कॅमेरा ती आकृतीच टिपतो. छायानाट्यातील बाहुली खेळविणाऱ्याच्या हाती सतत हलत असते. येथे आकृती किंचित हलवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चौकट टिपायची आणि पुन्हा हलवायची. पासष्ट मिनिटांच्या पटात, सेकंदाला २४ चौकटी धरल्यास, नव्वद हजारांहून अधिक चौकटी होतात.

आकृती काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांची केलेली असे. शिशाच्या वजनामुळे ती काचेवर सपाट राही. मान, खांदा, कोपर, मनगट, गुडघा असे सांधे स्वतंत्र कापून बारीक तारेने जोडले जात. जवळून दिसणाऱ्या दृश्यासाठी त्याच पात्राचे मोठे मस्तक आणि खांदे निराळे करावे लागत. पार्श्वभूमीसाठी पारदर्शक कागदाचे थर एकावर एक लावले जात. थर जितके अधिक, तितका भाग गडद. अशा रीतीने जवळची टेकडी काळी आणि दूरची फिकट दिसे.

रायनिगर कात्री उजव्या हातात जवळजवळ स्थिर धरीत आणि डाव्या हाताने कागद फिरवीत, असे त्यांच्या कामाच्या चित्रणात दिसते. पेन्सिलीची रेघ नसताना वळणदार बाह्यरेषा सलग उतरे. येथे दिग्दर्शनाचा मूळ प्रश्न उपस्थित होतो. छायाकृतीला डोळे नाहीत, मुद्राभिनय नाही, चेहऱ्यावरील रंग नाही. भीती, लोभ, संकोच हे सर्व मानेचा कल, बोटांची पसरण आणि चालण्याची लय यांतूनच दाखवावे लागते. पात्र कोणत्या बाजूने दाखवावे, सांधा कोठे द्यावा, हा निर्णय कापतानाच घ्यावा लागतो. जेथे सांधा नाही तेथे पुढे हालचालही नाही. नटाची निवड, वेशभूषा आणि अभिनयाची मर्यादा या तिन्ही गोष्टी कात्रीच्या एका फेऱ्यात ठरून जातात. त्यामुळे कापणे ही पूर्वतयारी आणि दिग्दर्शन हे नंतरचे काम, अशी विभागणी रायनिगर यांच्या बाबतीत करता येत नाही.

‘राजपुत्र अहमदची साहसे’

हा चित्रपट उभा राहिला तो जर्मनीतील चलनफुगवट्यामुळे. लुई हागेन या बँकर गृहस्थांनी पैशाचे मूल्य घसरत असल्याने कच्च्या फिल्मचा मोठा साठा खरेदी करून ठेवला होता. त्यांनी रायनिगर यांना पूर्ण लांबीचा पट करण्याची सूचना केली आणि पोट्सडाम येथील आपल्या घराच्या गॅरेजवरची जागा कार्यशाळेसाठी दिली. ॲनिमेशन म्हणजे दहा मिनिटांची गंमत, अशी व्यवसायात समजूत असताना ही सूचना धाडसाचीच होती. छत ठेंगणे असल्याने काचेचे टेबल जमिनीलगत ठेवून रायनिगर गुडघ्यांवर बसून काम करीत. हे काम १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे चालले.

कथानक ‘अरेबियन नाइट्स’मधील अनेक गोष्टी गुंफून रचले आहे. हा कथासंग्रह कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकांस सुपरिचित आहे. उडता घोडा, परी बानू, अलाउद्दीन, जादूगार आणि अग्निपर्वतावरील चेटकीण यांचे रूपांतर-युद्ध असा हा पसारा आहे. जड वस्तूच्या नियमांत न बसणारे तेच ॲनिमेशनने करावे, ही रायनिगर यांची भूमिका त्यांच्या विषयनिवडीतून स्पष्ट होते. वाल्टर रुटमन यांनी जादूच्या प्रसंगांतील हलते आकार केले, बर्टोल्ड बार्टोश यांनी समुद्राच्या लाटा केल्या आणि वोल्फगांग त्सेलर यांनी संगीत दिले. संगीत आधी ठरवून त्याच्या मापाने हालचाली बसविण्यात आल्या. रुटमन हे अमूर्त चित्रपटाचे पुरस्कर्ते. अशा परीकथेचा १९२३ सालाशी संबंध काय, असा प्रश्न त्यांनी केला असता, आपण या काळात जगत आहोत एवढाच, अशा आशयाचे उत्तर रायनिगर यांनी दिल्याचे सांगितले जाते.

काचेचे अनेक थर वापरून खोली निर्माण करण्याची रायनिगर यांची रीत आणि डिस्ने यांच्या संस्थेने १९३७ मध्ये वापरलेला बहुस्तरीय कॅमेरा यांचे तत्त्व एकच आहे. पण यावरून ‘कोणी कोणाचे उचलले’ असा वाद घालण्यात हशील नाही. अधिक गंभीर आक्षेप निराळा आहे. आफ्रिकी जादूगार हा खलपुरुष, पौर्वात्य राजदरबार म्हणजे विलास आणि कपट, हे साचे युरोपीय कल्पनेतील पूर्वेचे आहेत आणि चित्रपट ते निःशंकपणे वापरतो. छायाकृतीत सर्वच पात्रे काळी दिसत असल्याने वंशभेद नाकाच्या आणि ओठाच्या बाह्यरेषेवर येऊन ठेपतो, त्यामुळे साचा अधिकच ठळक होतो. पटाची गुणवत्ता मान्य करतानाही वर्गात तो दाखविणाऱ्या अध्यापकाने याकडे दुर्लक्ष करू नये.

बर्लिनमधील प्रयोगानंतर पॅरिसमध्येही पटाचे स्वागत झाले. तेथे दिग्दर्शक जाँ रेन्वार यांच्याशी जुळलेला स्नेह पुढे आयुष्यभर टिकला.

स्थलांतराची वर्षे

‘डॉक्टर डूलिटल’ (१९२८) नंतर बोलपट आला आणि रायनिगर यांना त्याचा फटका बसला. रोखुस ग्लीसे यांच्यासमवेत नटांना घेऊन केलेला ‘सुखाचा पाठलाग’ (१९३०) मूकपट म्हणून चित्रित झाला व त्यावर ध्वनी नंतर चढविला गेला. तो अपयशी ठरला. त्या पुन्हा टेबलाकडे वळल्या. ‘कार्मेन’ (१९३३) आणि मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’वर आधारलेला ‘पापागेनो’ (१९३५) हे लघुपट संगीताशी हालचालीचे नाते कसे जोडावे याचे नमुने होत.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. रायनिगर आणि कोख ज्यू नव्हते, परंतु त्यांचा मित्रपरिवार डाव्या विचारांचा होता आणि त्या राजवटीत राहण्याची त्यांची इच्छा नव्हती. कोणत्याही देशाने त्यांना कायम वास्तव्याचा परवाना दिला नाही. मुदत संपली की देश बदलावा लागे. अहमदच्या कार्यशाळेतील मंडळींच्या वाटाही येथे फुटल्या. बार्टोश पॅरिसला गेले आणि तेथे त्यांनी ‘लिदे’ (१९३२) हा महत्त्वाचा पट केला होता. रुटमन जर्मनीतच राहून राजवटीसाठी माहितीपट करीत राहिले. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्सेलर यांनी ‘ज्यूड झ्यूस’ (१९४०) या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटाला संगीत दिले.

या भटक्या वर्षांत रायनिगर यांचे काम थांबले नाही, याचे कारण त्यांच्या साधनांतच शोधावे लागते. त्यांना स्टुडिओ लागत नव्हता आणि शेकडो चित्रकारांचा ताफाही नव्हता. इंग्लंडमध्ये टपाल खात्याच्या चित्रपट विभागासाठी त्यांनी ‘द टॉकर’ (१९३८) केला. टपाल बचत बँकेच्या जाहिरातीची ही परीकथा असून तिच्यासाठी बेंजामिन ब्रिटन यांनी रोसिनीच्या संगीताची मांडणी केली होती. बचत खात्याच्या पुस्तकाने प्रेमिकांची अडचण सुटावी, ही कल्पना सरकारी खात्याला साजेशीच! रेन्वार यांच्या ‘ला मार्सेयेझ’ (१९३८) मधील छायानाट्याचा प्रसंगही रायनिगर यांचाच. कोख हे रेन्वार यांचे सहायक होते. इटलीमध्ये ‘टोस्का’चे चित्रण चालू असताना इटली युद्धात उतरली, रेन्वार परतले आणि चित्रपट कोख यांनी पूर्ण केला.

१९४४ मध्ये आजारी आईच्या शुश्रूषेसाठी रायनिगर यांना बर्लिनला परतावे लागले. ज्या राजवटीपासून दूर राहण्यासाठी दहा वर्षे भटकंती केली, तिच्या अखेरच्या दिवसांत त्या बाँबवर्षावाखालील बर्लिनमध्ये ‘सोन्याचे हंस’ या परीकथेच्या आकृती कापीत होत्या. या परतण्याकडे काही जण संशयाने पाहतात. परंतु परीकथेच्या या पटात प्रचार शोधणे दुराग्रहाचे ठरेल.

उत्तरार्ध

१९४९ मध्ये हे दांपत्य लंडनला आले. १९५३ च्या सुमारास ‘प्रिमरोज प्रॉडक्शन्स’ ही संस्था निघाली. तिच्या उभारणीत पुढाकार होता तो पोट्सडामच्या त्याच बँकरच्या मुलाचा. त्याचेही नाव लुई हागेन. किशोरवयात नाझींच्या छळछावणीत डांबला गेलेला हा मुलगा पुढे इंग्लंडला पोहोचला आणि ब्रिटिश सैन्यातून आर्नेमच्या लढाईत लढला. या संस्थेसाठी रायनिगर यांनी अल्पावधीत डझनाहून अधिक परीकथापट केले. ते अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी होते. ‘शूर शिंपी’ या पटाला १९५५ मध्ये व्हेनिस येथे पारितोषिक मिळाले. वेगाची किंमत मात्र द्यावी लागली. या पटांत जुन्या आकृती नव्या कथांत वावरताना दिसतात आणि इंग्रजी निवेदन अनेकदा हालचालीने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगते.

१९६३ मध्ये कोख यांचे निधन झाले आणि रायनिगर यांचे चित्रपटकार्य दीर्घकाळ खंडित झाले. या काळात त्यांनी छायानाट्य व छायापट यांवर पुस्तक लिहिले (१९७०); त्यात आपली रीत कोणतेही गुपित न राखता पायरीपायरीने समजावून दिली आहे. पश्चिम जर्मनीने १९७२ मध्ये त्यांना चित्रपटक्षेत्रातील सुवर्णसन्मान दिला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या निमंत्रणावरून सत्तरी उलटल्यावर त्यांनी ‘ऑकासँ आणि निकोलेत’ (१९७६) पूर्ण केला. १९ जून १९८१ रोजी ट्यूबिंगेननजीकच्या डेटेनहाउझेन या गावी त्यांचे निधन झाले.

‘अहमद’ची मूळ निगेटिव्ह १९४५ मध्ये बर्लिनच्या लढाईत नष्ट झाली. दीर्घकाळ लोक पाहत होते त्या कृष्णधवल प्रती. मूळ पट निळा, पिवळा, हिरवा अशा रंगांत प्रसंगानुसार रंगविलेला होता, याचे बहुतेकांना विस्मरण झाले होते. लंडनच्या संग्रहातील एका रंगीत नायट्रेट प्रतीवरून फ्रँकफर्टच्या चित्रपट संग्रहालयाने १९९८-९९ मध्ये, दिग्दर्शिकेच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, त्याचे पुनरुज्जीवन केले. रायनिगर यांच्या मागे राहिलेले साहित्य ट्यूबिंगेनच्या नगरसंग्रहालयात आहे. त्यात शिशाच्या पत्र्यासह कापलेल्या आणि सांध्यांवर तार वळवून जोडलेल्या आकृती तळहाताएवढ्या चौकटीत मांडलेल्या आहेत.