वडाळ्याचे बिऱ्हाड : फेअरबँक दांपत्य आणि नगरचा निसर्ग

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे उभे केले आणि तेव्हापासून न्यू इंग्लंडकडची कुटुंबे या भागात वर्षानुवर्षे राहू लागली. नगर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधात येते. बर्फाळ हिवाळ्यांत वाढलेल्या या माणसांना इथली हवा, पाणी, पीक आणि किडामुंगी सगळेच नवे होते. त्यांच्यापैकी सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) यांच्या घरातली निरीक्षणे थेट शास्त्रीय नियतकालिकांपर्यंत पोहोचली.

फेअरबँक १८४६ मध्ये पत्नी अ‍ॅबी अ‍ॅलन यांच्यासह भारतात आले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी अमेरिकेहून शिडाच्या जहाजाने, आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठायला चार-पाच महिने लागत. मुंबईहून पुढे घाट चढून बैलगाडीचा रस्ता होता. दौंड-मनमाड लोहमार्ग नगरला आला तो १८७८ मध्ये. अ‍ॅबी १८५२ मध्ये वारल्या. १८५६ मध्ये फेअरबँक यांनी मेरी बॅलंटाइन यांच्याशी लग्न केले. नगरचे मिशनरी आणि मराठी गीतकार हेन्री बॅलंटाइन यांची ही मुलगी. परक्या मुलखातल्या संसाराची घडी मेरी यांनी लहानपणापासून आपल्या आईवडिलांच्या घरी पाहिलेली होती. पुढे या दांपत्याने नेवासे तालुक्यातील वडाळा येथे, नगर-औरंगाबाद रस्त्यावर, मुक्काम केला.

इथे राहणाऱ्याला पहिली ओळख होते ती पावसाच्या लहरीपणाची. नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून दीड-दोनशे किलोमीटरवर असलेल्या नगरला सरासरी सहाशेही भरत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीकडे जातो, तर डिसेंबरच्या पहाटे शेकोटी लागते. त्यामुळे वर्षाचे वेळापत्रक गावाकडूनच शिकावे लागे. उन्हाळ्यात पहाटे उठून कामे उरकायची, दुपारी दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, दारांना वाळ्याचे तट्टे लावून त्यांवर पाणी मारायचे. पिण्याचे पाणी मातीच्या रांजणात ठेवायचे. रांजणाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणूनच हवा कोरडी असेल तितके पाणी अधिक गार होते. दमट मुंबईत तेच भांडे निम्मेही काम करत नाही.

दुसरी ओळख वाळवीची. कपाट आणि पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तरच पुस्तके आणि कपडे वाचत. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीनंतर संध्याकाळी त्याच वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतल्या भोकांतून हजारोंनी बाहेर पडतात आणि दिव्याभोवती गर्दी करतात. त्यांचे पंख गळून सकाळी ओसरीवर थर साचतो. या मेजवानीला कोतवाल, साळुंकी, कावळे, घारी सगळे हजर होतात. कोणता पक्षी कधी येतो आणि काय खातो, हे अशा वेळी ओसरीवर बसूनही कळते.

गोगलगाईंचेही असेच. उन्हाळ्यात त्या दगडांच्या फटीत किंवा मातीत शिरून शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करतात आणि महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. रिकामा वाटणारा शंख पाऊस पडताच चालू लागतो. संग्राहकाला शंख सोयीचा असतो. उकळत्या पाण्यात बुडवून टाचणीने मांस काढायचे, धुऊन वाळवायचे आणि कापसात गुंडाळून डबीत ठेवायचे. असा नमुना टपालानेही जातो. पक्ष्याचे काम अवघड. कातडे सोलून, आतून सोमलाचा साबण लावून, कापूस भरून ते लगेच वाळवावे लागते, कारण उष्ण हवेत मांस काही तासांतच नासते.

फेअरबँक यांच्या अभ्यासाला धर्मप्रचाराच्या दौऱ्यांचा आधार मिळाला. हिवाळ्यात तंबू घेऊन गावोगाव फिरायचे आणि कडक उन्हाळ्यात थंड ठिकाणी जायचे, हा मिशनरी कुटुंबांचा क्रम होता. त्यामुळे माळरान, घाटमाथा आणि दक्षिणेकडील डोंगर असे तीन वेगळे प्रदेश त्यांच्या पाहण्यात आले. ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षीविषयक नियतकालिकात १८७६ मध्ये त्यांची खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातील पक्ष्यांची यादी आली. पुढच्याच वर्षी कोडाईकॅनॉल ज्या डोंगरात वसले आहे त्या पळणी डोंगरातील पक्ष्यांची यादी आली. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी होते.

नमुने ओळखण्याचे काम बहुधा दुसऱ्यांचे असे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६८ मध्ये मुंबईकडच्या एका छोट्या गोगलगाईच्या प्रजातीला ‘फेअरबँकिया बॉम्बेयाना’ हे नाव दिले. त्यात फेअरबँक आणि मुंबई दोन्ही आले. १८६९ मध्ये पळणी डोंगरातील, हसल्यासारखा आवाज काढणाऱ्या एका पक्ष्याच्या नावातही ब्लॅनफर्ड यांनी ‘फेअरबँकी’ हा शब्द घातला. तो पक्षी दक्षिणेकडील सह्याद्रीच्या उंच भागातच आढळतो.

अशा नोंदींमध्ये स्थानिक माणसांचा वाटा मोठा असतो. पक्षी कुठे उतरतो, कोणता पाला औषधी, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी राहते, हे शेतकरी, गुराखी आणि फासेपारधी आधीच जाणत असतात. शास्त्रीय याद्यांत त्यांची नावे क्वचितच येतात. घरातल्या स्त्रियांचेही तसेच. पावसाळ्यात पेट्या कोरड्या ठेवणे, आजारपण सांभाळणे, स्वयंपाकात ज्वारी-बाजरी रुळवणे या कामांशिवाय असे बिऱ्हाड चालले नसते. छापील यादीवर मात्र एकच नाव राहिले. मेरी यांचे नाव त्यामुळे पक्षी आणि गोगलगाईंच्या साहित्यापेक्षा मिशनच्या इतिहासात शोधावे लागते. फेअरबँक यांचे नाव मात्र तिन्हीकडे सापडते: शास्त्रीय नामावलीत, त्यांनी मराठीत रचलेल्या आणि अनुवादिलेल्या ख्रिस्ती गीतांत आणि नगर जिल्ह्यातील शेतीसुधारणेच्या प्रयत्नांत.